महामारीत ॲप-कॅबचे प्रवासी गेले कुठे, आणि राहिले कोण?

नीलरेषा:

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय मांडते. थोडं लांबेल. कोविडच्या काळात ज्यांनी ॲपवर गाडी चालवली किंवा रोज अशा गाडीने प्रवास केला, त्यांनी जरूर लिहा. मला आकडे वाचता येतात, पण गाडीच्या आतलं त्यातून दिसत नाही.

धंदा कोसळला हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०२० च्या एप्रिल-जून तिमाहीत उबरच्या प्रवासी सेवेची बुकिंग (भाड्यांची एकूण रक्कम) आदल्या वर्षीच्या १२.२ अब्ज डॉलरवरून साधारण ३ अब्जांवर आली, म्हणजे ७५ टक्के घट. लिफ्ट या अमेरिकन ॲप-कॅब कंपनीचे सक्रिय प्रवासी त्याच तिमाहीत २ कोटी १८ लाखांवरून ८७ लाखांवर आले. मे २०२० मध्ये ओलाने १,४०० जणांना कामावरून कमी केलं, तेव्हा दोन महिन्यांत उत्पन्न ९५ टक्के घटल्याचं सांगितलं.

सगळे या घटलेल्या हिश्श्याबद्दल बोलतात. मला मात्र उरलेला चौथा हिस्सा स्वस्थ बसू देत नाही. जग दार लावून बसलं होतं, तेव्हा त्या गाड्यांमध्ये कोण होतं?

शिकागो शहर नोव्हेंबर २०१८ पासूनच्या ॲप-कॅबच्या एकेका फेरीची नोंद खुली करतं. प्रवाशाची ओळख पटू नये म्हणून वेळ जवळच्या पाव तासापर्यंत आणि भाडं जवळच्या अडीच डॉलरपर्यंत ढोबळ करून दिलेलं असतं. त्यात एक रकाना आहे: दुसऱ्या प्रवाशासोबत गाडी वाटून घ्यायला या प्रवाशाची तयारी होती का? १७ मार्च २०२० ला उबर आणि लिफ्ट या दोघांनीही अमेरिकेत शेअर राईड बंद केल्या आणि तिथून पुढे त्या रकान्यातले ‘हो’ जवळपास संपतात. त्या जागी मी बराच वेळ थांबले. शेअर राईड घेणारा माणूस हौसेने अनोळख्याच्या शेजारी बसत नाही. त्याला पूर्ण भाडं परवडत नसतं, निदान रोज तरी नाही. सगळ्यात आधी बंद झाली ती त्याची गाडी. याला ‘मागणी घटली’ म्हणायचं का? त्याला जायचं होतंच. त्याच्या खिशाला झेपेल असं काही ॲपवर उरलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की फेऱ्यांचा आकडा म्हणजे मागणी नव्हे. गाडीत बसायचं म्हणून कुणी गाडी बोलावत नाही. कामावर, दवाखान्यात, विमानतळावर, कुणाच्या तरी घरी जायचं असतं. अर्थशास्त्रात हिला व्युत्पन्न मागणी म्हणतात. महामारीने घाला घातला तो जायच्या ठिकाणांवर. २०१९ मध्ये शेअर बाजारात उतरताना उबरने स्वतःच लिहून दिलं होतं, की आदल्या वर्षीच्या प्रवासी बुकिंगपैकी १५ टक्के विमानतळाच्या फेऱ्यांतून आणि २४ टक्के फक्त पाच महानगरांतून आली. विमानं जमिनीवर आणि महानगरांतली ऑफिसं बंद म्हटल्यावर हा पाया निघालाच. जो कुठे न गेल्याने भागवू शकत होता तो आकड्यांतून नाहीसा झाला, आणि ज्याला गेल्यावाचून गत्यंतर नव्हतं तो राहिला.

तुमचे अनुभव याच्याशी जुळतात का?

—

स्टेअरिंग:

ताई, चांगला विषय घेतला. मी तेव्हाही ॲपवर गाडी चालवत होतो, आजही चालवतो.

विमानतळाचं म्हणाल तर त्या मार्चमधला एक दिवस पक्का लक्षात आहे. तिथल्या पार्किंगच्या रांगेत एरवी माझ्या पुढे शंभरभर गाड्या असायच्या. त्या दिवशी पोचलो तर ॲपवर माझा पहिला नंबर. पोटात गोळा आला. पाच तास बसलो, एक भाडं मिळालं नाही. रिकामी गाडी घेऊन परत आलो.

गाडीत कोण होतं विचारता, तर माझ्या गाडीपुरतं सांगतो. नर्स, वॉर्डबॉय, सिक्युरिटीवाले, औषधाच्या दुकानात काम करणारे, सफाईवाले. सूटकेस घेतलेलं कुणी नाही, लॅपटॉपची बॅग घेतलेलं कुणी नाही. भाडी पहाटे साडेपाच ते सात आणि रात्री नऊ ते अकरा. मधला दिवस कोरडा. पूर्वी बरोबर उलटं होतं, सकाळ-संध्याकाळ ऑफिसच्या वेळा हाच आमचा धंदा होता.

मागच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये मी स्वतः प्लास्टिक लावलं, कडेने वेल्क्रोच्या पट्ट्या. रात्री मागून येणाऱ्या गाडीचा उजेड त्यावर पडायचा आणि आरशात नुसता पांढरा झोत दिसायचा. प्रवाशाचा चेहरा कधी दिसलाच नाही, मास्क आणि वर हे प्लास्टिक. बोलणंही बंद झालं. एक बाई रोज रात्रपाळीहून यायच्या, बसल्या बसल्या झोपायच्या. घर आलं की उठवायचं कसं, हात लावायचा नाही, म्हणून मी हलकेच हॉर्न वाजवायचो.

मदतीचंही सांगतो. मी ज्या कंपनीच्या ॲपवर होतो तिने पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवला तरच पैसे दिले. घरात आजारी वडील आहेत म्हणून गाडी बंद ठेवणाऱ्याला काही नाही. हप्ता थांबत नव्हता, म्हणून चालवली.

—

अर्थबोध:

नीलरेषा, लेख आवडला, पण एका मुद्द्यावर अडखळलो. तुम्ही ‘जायची ठिकाणं बंद झाली’ यावर सगळा भार टाकता. शिकागो विद्यापीठातल्या ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन यांनी २०२० मध्येच मोबाईलच्या नोंदींवरून अमेरिकेतल्या साडेबावीस लाख दुकानं-व्यवसायांमधली वर्दळ तपासली होती. वर्दळ सुमारे ६० टक्क्यांनी घटली, पण त्या ६० पैकी जेमतेम ७ सरकारी आदेशाच्या खात्यावर पडतात, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी एकाच परिसरातली, पण आदेशाच्या सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची दुकानं ताडून पाहिली होती. आदेश नसलेल्या बाजूलाही माणसं फिरकत नव्हती. म्हणजे भीतीच मुख्य.

आणि भीतीची जागा म्हणून कॅब वरच्या नंबरावर असणार. बंद डबा, अनोळखी माणूस, आधी कोण बसून गेलं ठाऊक नाही.

—

नीलरेषा:

अर्थबोध, तो अभ्यास मला मान्य आहे. शिकागोतही तसंच दिसतं. घरी राहण्याचा आदेश २१ मार्चच्या संध्याकाळी लागू झाला, फेऱ्यांचा उतार त्याच्या आधीच सुरू झाला होता. आदेशाला मीही फार मोठं मानत नाही.

पण ‘आदेश नाही म्हणजे भीती’ ही उडी जरा लांबची होते. बार्सिलोनातलं मोबाईल वर्ल्ड काँग्रेस घ्या. एक लाखाहून जास्त माणसं जमणारा मेळावा. १२ फेब्रुवारी २०२० ला, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्चला ‘महामारी’ हा शब्द वापरला त्याच्या महिनाभर आधी, आयोजकांनी तो रद्द केला, कारण मोठमोठ्या कंपन्या एकेक करून माघार घेत होत्या. त्या आठवड्यात विमानतळ ते हॉटेल आणि हॉटेल ते सभागृह अशी जी हजारो भाडी व्हायची, ती झाली नाहीत. त्यातला एखादा प्रवासी अजिबात घाबरलेला नसेल, गाडीत बसायला एका पायावर तयार असेल. पण त्याला जायला ठिकाणच नव्हतं. भीती कुणाची होती? त्याच्या कंपनीच्या संचालकांची. गाडीची मागणी गेली ती त्यांच्या बैठकीत, प्रवाशाला कुणी विचारलंही नाही.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा. प्रवासी गाडीला घाबरत असेल तर मास्क, प्लास्टिक, सॅनिटायझर, पुढच्या सीटवर बसायला बंदी यांनी तो थोडाफार परत येईल. उबरने मे २०२० मध्ये हेच केलं, चालकाने ऑनलाइन येण्याआधी मास्क लावून सेल्फी काढायची आणि ॲप ते तपासणार. पण ऑफिसच बंद असेल तर गाडी कितीही पुसा, कोण येणार?

—

रात्रपाळी:

मी परिचारिका आहे. स्टेअरिंग यांनी लिहिलेलं वाचून डोळे भरून आले. मीही घरी जाताना गाडीत झोपत असे.

माझी मागणी घटली नाही, वाढली. आधी मी महिन्यातून दोन-तीनदा कॅब घ्यायचे, त्या काळात आठवड्यातून पाच वेळा. रात्रीच्या फेऱ्या कमी केल्या की पाळी सुटल्यावर आमच्यासारख्यांना दुसरं साधन राहत नाही. न्यूयॉर्कची चोवीस तास चालणारी सबवेसुद्धा ६ मे २०२० पासून रात्री १ ते ५ बंद ठेवली होती, साफसफाईसाठी. पुन्हा पूर्णवेळ सुरू झाली १७ मे २०२१ ला. तिथल्या वाहतूक मंडळाला रात्रीच्या कामगारांसाठी जादा बस आणि काही जणांसाठी भाड्याच्या गाड्यांची सोय करावी लागली, कारण रात्री माणसं कामावर जातात हे शेवटी कुणीतरी मोजलं.

वूहानमध्ये २३ जानेवारीला शहराची वाहतूक बंद झाली तेव्हा डीडी या चिनी ॲप-कॅब कंपनीने स्वयंसेवक चालकांचे ताफे उभे करून आमच्यासारख्यांची ने-आण केली होती. उबरनेही त्या वर्षी आरोग्यसेवक, वृद्ध आणि गरजूंसाठी एक कोटी मोफत फेऱ्या आणि डिलिव्हरी देऊ केल्या. चांगलंच झालं ते. पण गणवेशात बुकिंग केलं की गाडी येऊन, मला पाहून, कॅन्सल होऊन निघून जायची, हेही मी सोसलंय. एका रात्री सलग चार वेळा. रागावू तरी कुणावर? त्याच्याही घरी लेकरं असतील. तरी फुटपाथवर उभं राहून तो फोनवरचा ‘शोधत आहोत’ चा गोल फिरताना बघणं फार वाईट असतं.

नीलरेषाताई, या कॅन्सल झालेल्या चार गाड्या तुमच्या आकड्यांत दिसतात का?

—

नीलरेषा:

नाही. खुल्या नोंदींत फक्त पूर्ण झालेल्या फेऱ्या असतात. ज्याने ॲप उघडलं, भाडं बघितलं आणि बंद केलं, तो दिसत नाही. ज्याला चार चालकांनी नाकारलं तोही नाही. हे सगळं कंपन्यांपाशी आहे, बाहेर येत नाही. तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

—

पायवाट:

वाहतूक नियोजनात काम करतो म्हणून एका अपेक्षेबद्दल लिहितो, जी तेव्हा बऱ्याच जणांनी बोलून दाखवली होती. गर्दीच्या बस-लोकल-मेट्रोला लोक घाबरतील आणि कॅबकडे वळतील, म्हणजे महामारी या धंद्याच्या पथ्यावर पडेल. तसं का झालं नाही?

एक तर सार्वजनिक वाहतुकीतून जे बाहेर पडले त्यातले बरेचसे घरीच थांबले. त्यांनी साधन बदललं नाही, प्रवासच सोडला. ज्यांना बाहेर पडावंच लागलं त्यांच्यात स्वतःची गाडी असणारे गाडीने गेले, जवळचे सायकलने किंवा पायी. २०२० च्या उन्हाळ्यात कित्येक देशांत दुकानांमध्ये सायकली मिळेनाशा झाल्या होत्या, आठवत असेल. आणि जे बस-मेट्रोत राहिले त्यांच्याकडे मुळात कॅबचे पैसेच नव्हते. कॅबला अधूनमधून बस सोडून येणारे प्रवासी मिळतात, रोजचे नाही. रोजच्या बसभाड्याच्या कित्येक पट रक्कम दोन्ही वेळा कोण मोजणार? रात्रपाळी यांच्यासारखे मोजतात, कारण दुसरा मार्ग नसतो. ही मागणी आवडीची नाही, अडलेल्याची आहे. अशा मागणीवर सर्ज, म्हणजे गर्दीच्या वेळी वाढीव भाडं, लावणं मला अतिशय अन्यायाचं वाटतं.

—

सावली:

पायवाट, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन.

माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. महामारी असो नसो, तीनदा म्हणजे तीनदा. त्यांना बसमध्ये न्यायची सोय नव्हती, प्रतिकारशक्ती कमी. प्रत्येक वेळी जाताना एक गाडी आणि चार तासांनी येताना दुसरी. येताना सुई काढलेल्या जागी पट्टी बांधलेला हात ते छातीशी धरून बसायचे आणि मी खिडकी उघडी ठेवायला सांगायचे. थंडीत चालक कुरकुर करायचे. खिडकीचा खरंच उपयोग होता का, की माझ्याच मनाचं समाधान?

—

अर्थबोध:

सावली, उपयोग होता. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर चालत्या गाडीतल्या हवेचा अभ्यास केला होता. चालक पुढे आणि प्रवासी मागे तिरक्या कोपऱ्यात, अशी बैठक धरून. चारही खिडक्या उघड्या असल्या तर उत्तमच. पण दोनच उघडायच्या असतील तर आपण सहज आपल्या शेजारची उघडतो. त्याऐवजी दोघांच्याही रांगेतल्या पलीकडच्या बाजूच्या उघडल्या तर जास्त चांगलं, असं निघालं. आत येणारी हवा दोघांच्या मधून पडद्यासारखी वाहते. सगळ्यात वाईट म्हणजे चारही बंद ठेवून एसी लावणं.

आणि चालकांच्या धोक्याबद्दल: ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२० च्या मे महिन्यातच दाखवून दिलं होतं, की टॅक्सी आणि कॅब चालवणाऱ्या पुरुषांचा कोविडने होणारा मृत्युदर त्यांच्या वयाच्या सर्वसाधारण पुरुषांपेक्षा बराच जास्त आहे. रात्रपाळी, तुमची गाडी कॅन्सल करणाऱ्याची भीती पोकळ नव्हती. तुमचं उभं राहणंही खोटं नव्हतं. दोन्ही खरं.

—

पायवाट:

पुढचा टप्पाही लिहून ठेवतो, कारण २०२१ मध्ये चित्र एकदम फिरलं. लस आली, माणसं बाहेर पडली आणि गाड्या मिळेनात. अमेरिकेत एप्रिल २०२१ मध्ये उबरला चालकांना परत आणण्यासाठी २५ कोटी डॉलरचा बोनस जाहीर करावा लागला. वर्षभरात चालक पांगले होते. कुणी डिलिव्हरीत गेलं, कुणी गाडी विकली, कुणाला संसर्गाची धास्ती होती. अमेरिकेत मार्च २०२० च्या मदत कायद्याने पहिल्यांदाच अशा स्वतंत्र कामगारांना बेकारी भत्ता मिळाला, तोही अनेकांसाठी आधार होता. त्यात चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या मिळेनात आणि जुन्या महागल्या, म्हणजे परत यायचं तर कशात बसून यायचं?

त्यामुळे २०२० च्या फेऱ्यांवर मागणीची मर्यादा होती आणि २०२१ च्या फेऱ्यांवर चालकांची. दोन्ही वर्षांचा आलेख एकाच रेघेत काढून ‘मागणी हळूहळू सावरली’ म्हणणं चूक आहे.

सावरण्याचंही तसंच. २०२२ च्या एप्रिल-जून तिमाहीत उबरच्या प्रवासी बुकिंगने १३.४ अब्ज डॉलर गाठले, २०१९ च्या त्याच तिमाहीच्या पुढे. पण हे पैसे आहेत, माणसं नाहीत, आणि मधल्या काळात भाडी वाढली होती. त्याच तिमाहीत लिफ्टचे सक्रिय प्रवासी १ कोटी ९९ लाख होते, २०१९ च्या अखेरीस होते २ कोटी २९ लाख. कुणीतरी तीस लाख माणसं अजून बाहेर होती. उबरची शेअर राईड अमेरिकेत नव्या नावाने मोठ्या प्रमाणावर परतली ती जून २०२२ मध्ये. नीलरेषा यांचा तो ‘हो’ म्हणणारा माणूस मधल्या काळात कशाने गेला, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

—

सावली:

अर्थबोध, खूप आभार. पलीकडच्या बाजूची खिडकी, हे तेव्हा कळलं असतं तर चालकांशी वाद तरी टळले असते.

—

नीलरेषा:

पायवाट, तुमची २०२०-२०२१ ची फोड मी माझ्या टिपणांत घेते आहे, आक्षेप नसावा. डिलिव्हरीचाही मुद्दा राहिला होता. उबरच्या प्रवासी बुकिंगमध्ये ७५ टक्के घट झाली त्याच तिमाहीत खाद्यपदार्थ पोचवण्याची बुकिंग दुपटीहून वाढून जवळजवळ ७ अब्ज डॉलर झाली होती. माणूस हलला नाही, त्याच्याकडे वस्तू हलल्या. कंपनीला हा दुसरा पाय होता. लिफ्टकडे तो नव्हता.

स्टेअरिंग, तुम्हाला डिलिव्हरीचा आधार झाला का? आणि एक विचारायचं होतं: सगळं सुरू झाल्यावर कोणती भाडी आधी परत आली?

—

स्टेअरिंग:

डिलिव्हरी केली दोन महिने. चारचाकीला ते परवडत नाही. दोन डब्यांसाठी अख्खी गाडी फिरवायची, पार्किंग नाही, दुचाकीवाली पोरं आमच्या आधी पोचायची. कंपनीला दुसरा पाय असेल, आम्हाला तोच एक होता.

भाडी परत आली त्याचा क्रम सांगतो. आधी दवाखाना. बंद काळात लोकांनी पुढे ढकललेली ऑपरेशनं, तपासण्या सगळं एकदम सुरू झालं. त्यानंतर म्हातारी माणसं मुलांकडे आणि मुलं त्यांच्याकडे. ही भाडी फार बोलकी असायची, वर्षभराचं साठलेलं सगळं रस्त्यात सांगायचे. मग सूटकेसवाले. ऑफिस सगळ्यात शेवटी, आणि तेही अजून आठवड्यातले दोन-तीन दिवसच. सोमवार-शुक्रवारची सकाळ माझ्यासाठी पूर्वीसारखी झालेली नाही. आता मी त्या दोन दिवशी उशिरा निघतो.

आणि ताई, तुमच्या आकड्यांसाठी एक गोष्ट. त्या झोपणाऱ्या बाई सांगितल्या ना, त्या अजून माझ्याच गाडीने जातात. पण ॲपवर नाही, फोन करून. तेव्हा गाडी येईल की नाही याची खात्री नसायची, म्हणून त्यांनी नंबर घेतला. पुढे त्यांच्या वॉर्डातल्या आणखी तिघींनी घेतला. चौघींच्या पाळ्या माझ्या डायरीत लिहिलेल्या असतात. माझ्या ओळखीच्या बऱ्याच ड्रायव्हरांकडे अशी चार-पाच माणसं आहेत. ती ॲपवर परत आलेली नाहीत, पण घरीही बसलेली नाहीत.